सगळे सिस्टर म्हणतात, पण नोंदणी नाही

वाचकाचं पत्र (थोडक्यात): ताई, मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. वय २३. बारावी आर्ट्सनंतर इथल्याच एका संस्थेत एक वर्षाचा ‘नर्सिंग’ कोर्स केला आणि तेव्हापासून एका खासगी हॉस्पिटलात काम करते. सलाईन लावते, इंजेक्शन देते, डिलिव्हरीच्या वेळी मॅडमच्या हाताखाली उभी राहते. पेशंट सिस्टर म्हणतात. मध्यंतरी सरकारी भरतीची जाहिरात पाहिली, त्यात नोंदणी क्रमांक मागितला होता. संस्थेत विचारलं तर म्हणाले, या कोर्सला नोंदणी मिळत नाही. आता एक एजंट म्हणतो की परराज्यातल्या कॉलेजात जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला, नाव घालून देतो. हजेरी लागत नाही, फक्त परीक्षेला जायचं, इथली नोकरी सोडायची गरज नाही. दहा हजार आगाऊ मागतोय. वडील शेतमजूर आहेत, घरी स्थळं बघणं सुरू आहे. माझी एवढी वर्षं वाया गेली का? बीएस्सी करू की जीएनएम? आर्ट्सच्या मुलीला हे झेपेल का?

उत्तर:

आधी एजंटचं बोलू, कारण त्याला घाई आहे आणि तुला ती असता कामा नये. त्याला एक रुपयाही देऊ नकोस. दिला असशील तर फोनवर नाही, लेखी मेसेज पाठवून परत माग आणि तो मेसेज जपून ठेव.

परराज्यात शिकणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. कर्नाटकात, तेलंगणात चांगली कॉलेजं आहेत आणि आपल्याकडच्या कितीतरी मुली तिथे राहून, रात्रपाळ्या करून रीतसर शिकून आल्या आहेत. ‘हजेरी लागत नाही’ हे तीन शब्द मात्र वाईट आहेत. जीएनएममध्ये प्रात्यक्षिकाचे तास शंभर टक्के पूर्ण झाल्याशिवाय पदविका द्यायची नाही, असा भारतीय परिचर्या परिषदेचा (इंडियन नर्सिंग कौन्सिलचा) नियम आहे. मग तू इथे लातूर जिल्ह्यात ड्युटीवर असताना तिथल्या वॉर्डात तुझी हजेरी कोण भरणार? कुणीतरी खोटी भरणार. लॉगबुकवर खोट्या सह्या होणार. त्या कागदावर तू नोंदणी घ्यायला गेलीस की एका राज्याच्या परिषदेकडून दुसऱ्या राज्याकडे पडताळणी जाते, आणि त्या वेळी प्रश्न विचारले जातील ते तुला. एजंटचा फोन तेव्हा लागणार नाही.

समज, कुणी काहीच विचारलं नाही आणि क्रमांक मिळाला. तरी मी तुला हेच सांगितलं असतं. का, ते एका औषधावरून सांगते.

तू डिलिव्हरीला उभी राहतेस म्हणजे झटके आलेली गरोदर बाई तू पाहिली असशील. रक्तदाब वाढलेला, अंगावर सूज, आणि दारातच फिट. डॉक्टर मॅग्नेशियम सल्फेट लिहून देतात. इंजेक्शन तूही देशील, तुझा हात बसलेला आहे. पण पुढचा डोस देण्याआधी सिस्टरने तीन गोष्टी बघायच्या असतात. गुडघ्याखाली हातोडीने हलकं मारलं की पाय उडतो का. श्वास मिनिटाला किमान १६ आहेत का. गेल्या चार तासांत लघवी निदान १०० मिली झाली आहे का. यातली एक जरी गोष्ट बिघडलेली दिसली तर डोस थांबवायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं. हे औषध लघवीवाटे शरीराबाहेर जातं. लघवी कमी झाली की ते रक्तात साठत जातं. आधी गुडघ्याखाली मारल्यावर पाय उडणं बंद होतं, नंतर श्वास मंदावतो, मग थांबतो. म्हणून उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रेमध्ये आधीच काढून ठेवायचं असतं. रात्री तीन वाजता डॉक्टर घरी असतात. त्या बाईच्या पलंगाशी असते ती सिस्टर. हे तिला कुणीतरी शिकवलेलं असलं तरच ती बाई सकाळ बघते.

हे नुसतं पाठ करून येत नाही. मूत्रपिंड काय करतं हे पहिल्या वर्षी शरीरशास्त्रात कळतं, आणि प्रसूतीची केस तिसऱ्या वर्षी हातात येते. मधल्या काळात शेकडो पेशंटची लघवी मोजून चार्टवर लिहावी लागते. त्या मोजण्याला त्या वेळी काही अर्थ वाटत नाही. तिसऱ्या वर्षी वाटतो.

आता तुझ्या कोर्सबद्दल. बोलायला कठीण आहे, पण स्पष्टच सांगते. सहा महिन्यांचे, वर्षाचे जे कोर्स ‘नर्सिंग’ या नावाने गावोगावी चालतात ते फार तर रुग्णसहाय्यकाचे असतात. ते काम हलकं नाही, पेशंटला त्याचीही गरज असते. पण महाराष्ट्रात परिचारिकेची नोंदणी १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली महाराष्ट्र परिचर्या परिषद करते, आणि त्या नोंदवहीत जायचे रस्ते मोजकेच आहेत. दोन वर्षांचं एएनएम, तीन वर्षांचं जीएनएम, चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग. तुझ्या संस्थेने ही गोष्ट फी घेण्याआधी सांगायला हवी होती. तुझ्या वडिलांनी मजुरीचे पैसे भरले ते तुला सिस्टर करण्यासाठी. याचा राग येणं अगदी बरोबर आहे, मलाही येतो.

त्या कोर्सचे किंवा नोकरीचे दिवस जीएनएममध्ये धरले जात नाहीत. पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागेल. पण वाया गेले का? नाही. वॉर्डात पहिल्यांदा जाणाऱ्या मुलीला रक्त, उलटी, मृत्यू, नातेवाइकांचा आरडाओरडा या सगळ्याला तोंड द्यायला वर्ष जातं. त्यातून तू गेलेली आहेस. तुझ्यापुढे अडचण वेगळी येईल: काही सवयी मोडाव्या लागतील. वापरलेल्या सुईला परत टोपण लावणं. श्वास न मोजताच चार्टवर २० लिहून टाकणं. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना तेच हातमोजे. छोट्या हॉस्पिटलांत घाईगर्दीत या सवयी लागतात, मी कितीतरी मुलींमध्ये त्या पाहिल्या आहेत. ट्यूटर टोकतील तेव्हा ‘मला येतं’ असं म्हणू नकोस. सुई टोपण न लावता थेट पांढऱ्या, टोचून न फाटणाऱ्या डब्यात जाते, आणि श्वास घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोजतात.

बीएस्सी की जीएनएम, याचं उत्तर तुझ्या बाबतीत सोपं आहे. बीएस्सीला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, शिवाय राज्याची सीईटी. तू आर्ट्सची. विज्ञान घेऊन बारावी पुन्हा करण्याचा सल्ला काहीजण देतील. तुझ्या घरची परिस्थिती पाहता मी तो देत नाही. जीएनएमला बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के हवेत, वय १७ ते ३५. त्यात तू बसतेस. जीएनएम झालीस की तुझी नोंदणी परिचारिका आणि प्रसाविका अशी दोन्ही होते, आणि पुढे पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांत करता येतं. म्हणजे पदवीचं दार आर्ट्समुळे बंद झालेलं नाही, फक्त वळसा आहे.

एएनएमचा विचार मनात आला असेल, कारण ते लवकर होतं आणि जवळच मिळतं. उपकेंद्रावर, गावात काम करायची मनापासून इच्छा असेल तर जरूर कर. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, घरभेटी ही सगळी कामं एएनएमच्या खांद्यावर आहेत. पण तू सरकारी रुग्णालयातल्या स्टाफ नर्सच्या जागेसाठी लिहिलं आहेस, आणि त्या जागेला एएनएम पुरत नाही. ‘जीएनएम बंद होणार’ ही चर्चाही तुझ्या कानावर येईल. ती वर्षानुवर्षं चालू आहे आणि प्रवेशही चालू आहेत. २०२३ मध्ये परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा नवा केंद्रीय कायदा आला, त्यामुळे परिषदांची नावं, रचना बदलत जाईल. रीतसर घेतलेली तुझी नोंदणी त्याने पुसली जात नाही.

तीन वर्षांत काय असतं, याची कल्पना आधीच असलेली बरी. पहिलं वर्ष अभ्यासाचं आणि सर्वांत जास्त मुली रडतात ते हेच वर्ष. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, परिचर्येची मूलतत्त्वं, प्रथमोपचार, सामुदायिक आरोग्य, इंग्रजी. बेड मेकिंग, स्पंज बाथ, पाठीची काळजी हे सगळं आधी लॅबमध्ये पुतळ्यावर, मग वॉर्डात. दुसऱ्या वर्षी मेडिकल-सर्जिकल, मुलांचे आजार, मानसिक आरोग्य. मनोरुग्णालयातलं पोस्टिंग बहुतेक मुलींना घाबरवतं आणि नंतर तेच सगळ्यांत जास्त आठवतं. तिसऱ्या वर्षी प्रसूतिशास्त्र आणि पुन्हा सामुदायिक आरोग्य, आणि शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. या सगळ्याबरोबर केस स्टडी, केअर प्लॅन, प्रोसिजर बुक, रात्री जागून काढलेले तक्ते. हात दुखतील एवढं लिहावं लागतं.

गणितही लागतं, हे आर्ट्सच्या मुलींना कुणी सांगत नाही. ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचं आहे आणि सेट २० थेंबांना एक मिलीचा आहे. मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे साधारण ४२. एक ग्रॅमचं औषध १० मिलीत विरघळवलं आणि डॉक्टरांनी २५० मिलिग्रॅम लिहिलं तर अडीच मिली. सातवी-आठवीचं त्रैराशिक आहे हे. आजपासून रोज पाच उदाहरणं घाल. आत्ता तू थेंब अंदाजाने सोडत असशील तर उद्यापासून घड्याळ लावून मोजायला लाग.

झेपेल का, असं विचारलं आहेस. इंग्रजीची भीती त्यामागे आहे, असं तुझ्या पत्रावरून वाटतं. पुस्तकं इंग्रजीत, पेपर इंग्रजीत, हे खरं आहे. यावर मी माझ्या विद्यार्थिनींना एकच उपाय सांगत आले: बालभारतीची आठवी ते दहावीची विज्ञानाची पुस्तकं मराठी आणि इंग्रजी, दोन्ही शेजारी ठेवून वाचायची. ती ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात. हृदयाचा धडा आधी मराठीत समजून घे, मग तोच इंग्रजीत वाच, मग पुस्तक मिटून पाच ओळी इंग्रजीत लिही. चुका होऊ देत. प्रवेशाला अजून काही महिने आहेत. तेवढ्यात श्वसन, पचन, रक्ताभिसरण आणि उत्सर्जन एवढे चार धडे असे झाले तरी पहिल्या वर्षी वर्गात तू हरवणार नाहीस. शिवाय बाकीच्या मुलींनी ज्या आजारांची नावंच पहिल्यांदा ऐकलेली असतील, त्या आजारांचे पेशंट तू सांभाळलेले आहेत.

संस्था निवडताना इमारत आणि माहितीपत्रक बघू नकोस. सगळ्यांत आधी, त्या वर्षासाठी संस्थेला राज्य परिषदेची मान्यता आहे का, हे परिषदेकडून तपास. संस्थेने भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्रावर विसंबू नको. मग त्यांचं रुग्णालय बघ. किमान १०० खाटांचं रुग्णालय हवं असा दंडक आहे, पण खाटा मोजून उपयोग नाही, पेशंट मोज. एखाद्या साध्या दिवशी सकाळी दहाला वॉर्डात चक्कर मार. रिकामे पलंग, इस्त्रीच्या चादरी आणि शांतता असेल तर तिथे शिकायला काही नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गेटबाहेर चहाच्या टपरीवर गाठ आणि दोनच गोष्टी विचार: तुम्ही स्वतःच्या हाताने किती डिलिव्हरी केल्या, आणि वॉर्डात तुमच्याबरोबर ट्यूटर असतात का. मुली खरं सांगतात. सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयाला जोडलेल्या शाळेत जागा मिळाली तर वसतिगृह जुनं असलं तरी तीच घे. तिथे कामाचा रगाडा असतो आणि त्यातच हात तयार होतात.

पैशाचं. सरकारी संस्थेची फी खासगीच्या मानाने फारच कमी असते, म्हणून पहिला प्रयत्न तिथेच. शिष्यवृत्ती आणि फी-सवलतीचे अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरतात. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. त्यात एक अट आहे, ती नीट लक्षात ठेव: प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून झालेला असला पाहिजे. संस्थेच्या कोट्यातून, एजंटच्या ओळखीने घेतलेल्या जागेला ही माफी नाही. तुला मिळू शकणारं हक्काचं पैशाचं बळच एजंट काढून घेतोय, आणि त्याचे वर दहा हजार मागतोय. तुझा संवर्ग तू लिहिलेला नाहीस. आपल्या अभ्यासक्रमाला कुठली योजना लागू आहे हे जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन, कागद दाखवून विचार.

कुठल्याही संस्थेने ‘मूळ प्रमाणपत्रं आमच्याकडेच राहतील’ असं म्हटलं तर सावध हो. तपासून परत द्यायची असतात. शिक्षणानंतर अमुक वर्षं आमच्याच हॉस्पिटलात काम करशील असं कुणी लिहून मागितलं तर सही करू नकोस.

घरच्यांचं. लग्न झालेल्या मुलीलाही जीएनएमला प्रवेश मिळतो, म्हणजे नियमाची आडकाठी नाही. पण नाईट ड्युटी, वसतिगृह आणि पहिल्या वर्षाचा अभ्यास सांभाळून नव्या घरात रुळणं किती अवघड असतं ते मी जवळून पाहिलं आहे. हुशार मुलींनी दुसऱ्या वर्षात शिक्षण सोडलेलं पाहिलं आहे. म्हणून माझं मत विचारशील तर तीन वर्षं थांबा असं वडिलांना सांग. नुसतं सांगू नकोस, कागदावर मांड: किती फी, किती माफ, कुठे राहणार, केव्हा संपणार, नंतर कुठल्या जागांना अर्ज करता येईल. जिल्हा रुग्णालयं, वैद्यकीय महाविद्यालयं, महापालिका. एम्सच्या नॉरसेट या नर्सभरतीच्या परीक्षेलाही जीएनएम चालतं, पण आधी ५० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव लागतो. मजुरी करणाऱ्या माणसाला हिशोब कळतो. त्यांनी एकदा फसवणुकीत पैसे घातले आहेत, तेव्हा ते बिचकणार, त्यावर चिडू नकोस.

एक विनंती आत्ताच्या नोकरीबद्दल. प्रवेश होईपर्यंत तुला काम करावंच लागेल, हे मला कळतं. पण काही गोष्टींना नाही म्हण. पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन एकटीने काढू नकोस. ते पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय जागच्या जागी बंद पडतं, आणि त्याची कुपी शेजारच्या साध्या पाण्याच्या कुपीसारखीच दिसते. रक्त एकटीने लावू नकोस. तोंडी सांगितलेली औषधं केसपेपरवर डॉक्टरांच्या हातची नोंद झाल्याशिवाय देऊ नकोस. ‘मॅडम, एवढं लिहून द्या, मी चुकेन’ असं म्हणायला लाज वाटू देऊ नकोस. काही वाईट घडलं तर तुझ्या बाजूने दाखवायला नोंदणीचा कागद तुझ्याकडे नाही, हे हॉस्पिटलला माहीत आहे.

आणि कागदपत्रांना याच आठवड्यात लाग. अधिवास, उत्पन्नाचा दाखला, जातीचा असेल तर तो आणि लागत असेल तर नॉन-क्रिमीलेअर, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला. जात पडताळणी लागत असेल तर तिला सर्वांत जास्त वेळ जातो, तो अर्ज पहिला टाक. फेरी सुरू झाल्यावर तहसीलला रांग लावणाऱ्या मुलींच्या जागा डोळ्यांदेखत जातात. बारावीचे एकूण टक्के आणि इंग्रजीचे गुण तू पत्रात लिहिलेले नाहीस, ते कळव. चाळीसच्या आत असतील तर वाट थोडी वेगळी आखावी लागेल, ती मी पुढच्या उत्तरात सांगेन.